एकेंद्रियाचं जेवण

सिरुसेरीतल्या बाल्कनीत दवबिंदू ही कीटकभक्षी वनस्पती वाढवायची, तर माती उपाशीच ठेवावी लागते: निम्मं पीट, निम्मी धुतलेली जाड वाळू. शेणखत वर्ज्य, बोअरचं खारं पाणीही. पावसाचं साठवलेलं चालतं.

कास पठाराच्या जांभ्या दगडावर हे आपसूक जमलेलं असतं. पातळ मातीत नत्र जेमतेम, म्हणून पानांवरचे चिकट थेंब चिलटं धरतात.

जैन विचारात वनस्पती एकेंद्रिय, माशी चतुरिंद्रिय. इथे मात्र खालचाच वरच्याला गिळतो! वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसला हे ईश्वरी व्यवस्थेविरुद्ध वाटलं, असं सांगतात. डार्विनने १८७५ मध्ये त्यावर पुस्तकच काढलं.

झाडाला पाप लागत नाही, ठीक. पण मुद्दाम निकस माती कालवून सापळा मांडणाऱ्या हाताचं काय? कुंडीत पानांवरचे तांबूस केस हळूहळू आत वळतात. चिलटाचा एक पाय अजून हलतोय.