चिलटांच्या वंशाचे दोन साक्षीदार

उज्जैनच्या नानाखेडा बसस्टँडसारख्या गजबजलेल्या ठिकाणी फळांची गाडी असली की पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांवर चिलटं आलीच. गाडीवाला फडक्यानं ती हाकलतो. बनारस हिंदू विद्यापीठातल्या बी. एन. सिंग आणि प्रणवीर सिंग यांनी मात्र अशीच चिलटं जाळीनं धरली. जम्मूपासून कन्याकुमारीपर्यंत ४५ ठिकाणची; त्यांत उज्जैन होतं, नाशिक, शिर्डी, मुंबई आणि पणजीही. जात एकच, ड्रोसोफिला अनानासी.

तपासणी होते ती अळीची. तिच्या लाळग्रंथी सुईनं ओढून काढायच्या, रंगवायच्या आणि काचेखाली अंगठ्यानं दाबायच्या. या पेशींमधलं गुणसूत्र शेकडो प्रतींनी जाडजूड झालेलं असल्यानं त्यावरचे पट्टे साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसतात. एखाद्या गुणसूत्राचा तुकडा उलटा बसला असेल आणि जोडीदाराचा सरळ असेल, तर तिथे स्पष्ट वेटोळं पडतं. उलट्या तुकड्यातली जनुकं सहसा फुटत नाहीत, एकगठ्ठा पुढच्या पिढीत जातात.

दक्षिणेत असे उलटे तुकडे जास्त सापडले, उत्तरेत कमी. ही चिलटं तर फळांच्या पेट्यांबरोबर ट्रकांतून, रेल्वेतून देशभर फिरतात. इतकी ये-जा झाल्यावर सगळ्या गावांची चिलटं सारखी व्हायला हवी होती. ती झाली नाहीत. स्थानिक हवामानाशी जुळणारा जनुकांचा गठ्ठा नैसर्गिक निवडीत टिकतो, हे त्याचं सर्वांत पटणारं कारण.

गुणसूत्र हा पहिला साक्षीदार; दुसरा मायटोकाँड्रिया. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या या घटकाचा स्वतःचा छोटा डीएनए असतो आणि तो जवळजवळ नेहमी आईकडूनच येतो. म्हणून त्यावरून वंशावळ मांडणं सोपं वाटतं. पण कॅलिफोर्नियात ड्रोसोफिला सिम्युलन्स या दुसऱ्या जातीच्या चिलटांमध्ये वोल्बाकिया हा जिवाणू वर्षाला शंभरएक किलोमीटर वेगानं उत्तरेकडे पसरला, हे १९९१ मध्ये टुरेली आणि हॉफमन यांनी दाखवलं. तोही आईकडूनच अंड्यात उतरतो. त्यामुळे तो पसरत गेला तसतसा त्याच्यासोबतचा मायटोकाँड्रियाही सगळीकडे पसरला, स्वतःची काही कर्तबगारी नसताना.

केवळ मायटोकाँड्रिया वाचून त्या चिलटांचा इतिहास लिहिला असता, तर जिवाणूच्या साथीलाच चिलटांचं स्थलांतर समजण्याची चूक झाली असती. जंगली प्राण्यांच्या संवर्धनात आजही आईकडच्या या डीएनएवरून ‘वेगळी’ आणि ‘सारखी’ प्रजा ठरवली जाते. गुणसूत्रं तपासल्याखेरीज असा निकाल देऊ नये.