दिसणे आणि हिशेब

पृथ्वी गोल असूनही सपाट का दिसते? भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त याचे उत्तर दिले आहे. परिघाचा शंभरावा भाग सरळच भासतो आणि अफाट पृथ्वीपुढे माणूस फार लहान. तापीकाठच्या सपाटीवर उभ्या असलेल्या माणसाचे क्षितिज जेमतेम साडेचार किलोमीटरवर संपते. ४० हजार किलोमीटरच्या परिघाचा तो आठ हजारावा भागही भरत नाही. हे उत्तर पृथ्वीबद्दल आहे तितकेच पाहणाऱ्याबद्दलही आहे.

त्याच ग्रंथात ‘धीयंत्र’ येते. हाती फक्त एक काठी. तिचे टोक डोळ्याशी धरून दूरच्या वेळूचा बुंधा आणि शेंडा वेधायचा, काठीच्या दोन्ही टोकांपासून जमिनीपर्यंतचे लंब मोजायचे आणि त्रैराशिकाने अंतर व उंची काढायची. सर्व यंत्रांत बुद्धी श्रेष्ठ, असे आचार्य म्हणतात ते याच संदर्भात. दृष्टी सामग्री पुरवते, निष्कर्ष गणित काढते.

हे शिक्षण खानदेशात रुजले होते. चाळीसगावजवळच्या पाटणचा १२०७ चा शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानुसार आचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तेथे मठ स्थापला आणि निकुंभ राजांनी त्याला दान दिले. आचार्यांचे स्वतःचे गाव कोणते, हा वाद वेगळा. उच्च अध्ययनाचे पीठ पाटणला होते, एवढे निश्चित.

धीयंत्रातला हिशेब माणूस जाणूनबुजून करतो. रोजच्या पाहण्यातही नकळत असा निवाडा होत असतो, हे कैरोत इब्न अल्-हैथम यांनी अकराव्या शतकाच्या प्रारंभीच मांडले होते. केप्लर यांनी १६०४ मध्ये दृष्टिपटलावर उलटी प्रतिमा पडते हे दाखवल्यावर प्रश्न अधिकच अवघड झाला: सपाट, उलट्या चित्रातून खोलीचे, सुलटे जग कसे उभे राहते? हेल्महोल्ट्झ यांनी १८६७ मध्ये उत्तर दिले, ‘अबोध अनुमान’. मेंदू अनुभवाच्या आधारे हिशेब करतो. मालकाला पत्ता लागत नाही.

पण हे अनुमान हट्टी निघाले. म्युलर-लायर यांच्या १८८९ च्या आकृतीतील दोन रेषा पट्टीने मोजून सारख्या ठरल्या तरी डोळ्यांना लहानमोठ्याच दिसतात. पृथ्वी गोल आहे हे पाठ असूनही ती सपाटच दिसते, तसेच हे. म्हणजे दृष्टीचा हिशेब बुद्धीचा सल्ला सहसा घेत नाही. धीयंत्र हवे असते ते म्हणूनच.

अनुभवाचा वाटा किती, याची कसोटी भारतात लागली. मॉलिनो यांनी १६८८ मध्ये विचारले होते: स्पर्शाने घन आणि गोल ओळखणाऱ्या जन्मांधाला दृष्टी आली, तर तो ते केवळ पाहून ओळखेल का? पवन सिन्हा यांच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’ने शस्त्रक्रियेने दृष्टी मिळालेल्या ८ ते १७ वर्षांच्या पाच मुलांना तपासले. २०११ च्या निष्कर्षानुसार ती लगेच ओळखू शकली नाहीत. काही दिवसांतच मात्र ओळखू लागली.

आज जळगाव-धुळ्याचा पदवीधर मानसशास्त्राच्या एम.ए.ला बोधनिक मानसशास्त्रात हा विषय वाचतो. गणित, संगणन आणि चेताविज्ञान यांच्यासह तो शिकायचा तर अलाहाबाद विद्यापीठाचे २००२ मध्ये स्थापन झालेले बोधनिक विज्ञानाचे केंद्र किंवा गांधीनगरची आयआयटी यांसारखे ठिकाण गाठावे लागते.