देवदूतांचा वाटा

मुरलेल्या सिंगल मॉल्ट व्हिस्कीच्या आस्वादाविषयी एखाद्या धर्मगुरूने लिहावे, हे काही वाचकांना रुचणार नाही. दारूने ज्यांची धूळधाण केली ती घरे आम्हां धर्मगुरूंच्या चांगल्या परिचयाची असतात. त्यामुळे ही नाराजी मी समजू शकतो. तरीही प्रश्न उरतोच. जी वस्तू माणसाचा नाश करू शकते, तिच्यातील चांगुलपणाचा निर्मळ आस्वाद घेता येतो काय? की 'आस्वाद' हा व्यसनावर पांघरलेला रेशमी शेला आहे?

प्रथम ती वस्तू समजून घेऊ. सातूला मोड आणून ते वाळवतात, भरडून आंबवतात आणि तांब्याच्या भांड्यांतून बहुधा दोनदा गाळतात. एकाच भट्टीत, धान्य म्हणून केवळ मोड आलेले सातू वापरून केलेली ती सिंगल मॉल्ट. गाळून निघालेला अर्क पाण्यासारखा रंगहीन, पण जहाल असतो. त्याने स्कॉटलंडमध्येच ओकच्या पिंपात किमान ३ वर्षे काढली, तरच कायदा त्याला 'स्कॉच' म्हणू देतो. उत्तम मॉल्ट १२, १८, क्वचित २५ वर्षेही मुरत ठेवतात. पूर्वी शेरी किंवा बर्बन साठवलेले ते लाकूड त्याला रंग देते, गंध देते, त्याचा जहालपणा निववते. या काळात दरवर्षी सुमारे २ टक्के द्रव हवेत उडून जातो. त्याला 'देवदूतांचा वाटा' असे गोड नाव आहे.

या नावात विनोद आहे, तसे शहाणपणही आहे. पिंपात जेवढे भरले तेवढे हाती येणार नाही, हे भरणाऱ्याला ठाऊक असते. पंचवीस वर्षांनी ते पिंप उघडेल तेव्हा कदाचित तो कामावरही नसेल. म्हणजे पेल्यात जे उतरते ते अनेक अनोळखी माणसांचे धैर्य होय. आस्वाद हा म्हणूनच मुळात कृतज्ञतेचा विषय आहे.

इतिहासही बोलका आहे. स्कॉटलंडच्या राजकोषाच्या १४९४ च्या नोंदीत जॉन कॉर या मठवासी बंधूला 'अक्वा व्हिटे', म्हणजे जीवनजल, बनवण्यासाठी मॉल्ट दिल्याचा उल्लेख आढळतो. पुढे पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, ब्रिटिश संसदेने व्हिस्की मुरवणे सक्तीचे केले. त्यामागे रसिकता नव्हती; कामगारांच्या मद्यपानाला आळा घालण्याची सरकारची इच्छा होती. संयमासाठी केलेल्या कायद्याने रसिकांचेच भले केले!

संत थॉमस अक्वायनस अतिरेकाला दोष मानतात. पण निसर्गदत्त सुखाला कारणाविना पाठ फिरवणाऱ्या संवेदनशून्यतेलाही ते दोषच म्हणतात. मात्र आरोग्यासाठी वा उच्च ध्येयासाठी केलेला त्याग त्यांना प्रशंसनीय वाटतो. व्यसनातून बाहेर आलेल्या माणसाचा त्याग असा आहे. 'एकच घे, काही होत नाही' असा आग्रह त्याला करणारा यजमान आदरातिथ्य करत नाही. तो त्याच्या जिवाशी खेळतो.

मग खऱ्या आस्वादाची कसोटी कोणती? माझ्या मते, अवधान. पेल्यात चार थेंब पाणी घालावे, गंध घ्यावा, लहानसा घोट जिभेवर रेंगाळू द्यावा. पेल्यामागून पेले रिचवले की जीभ बोथट होते, आणि दहा रुपयांची व दहा हजारांची दारू सारखीच ठरते. आस्वाद आणि नशा फार काळ एकत्र नांदत नाहीत.

अवधान आणखी एका मार्गाने हरपते. नोव्हेंबर २०२३ मध्ये लंडनच्या एका लिलावात मॅकॅलन १९२६ ची एक बाटली २१ लाख पौंडांहून अधिक किमतीला विकली गेली. पिंपात ६० वर्षे मुरलेली ती व्हिस्की! बाटलीत भरल्यावर व्हिस्की मुरत नाही. वाढते ती फक्त किंमत. मद्यपी तिची चव न घेता ती गिळतो, संग्राहक तिची चव न घेता ती कुलपात ठेवतो. एकाला नशा हवी, दुसऱ्याला मालकी. व्हिस्की कोणालाच नको असते.

निर्मळ आस्वाद शक्य आहे, असेच माझे उत्तर आहे. पण ज्याला पेला खाली ठेवता येतो, आणि शेजारी बसलेल्या मित्रासाठी तो मुळी भरायचाच नाही हेही ज्याला आनंदाने जमते, त्यालाच तो लाभतो. आपल्या सुखातील काही वाटा आपला नसतो, एवढे त्या पिंपांकडून शिकलो तरी पुष्कळ झाले.