मुक्कामाची पाटी आणि दीक्षेची भूमी

ऑक्टोबर १९५६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर नागपुरात आले, ते सीताबर्डीच्या श्याम हॉटेलात उतरले. १३ तारखेला त्यांनी पत्रकारांना दुसऱ्या दिवशी बौद्ध धर्म स्वीकारण्यामागची भूमिका सांगितली. त्याआधी, जुलै १९४२ मध्ये, याच शहरातल्या मोहन पार्कच्या परिषदेत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची उभारणी झाली होती. १९५४ मध्ये शेजारच्या भंडाऱ्यातून त्यांनी लोकसभेची पोटनिवडणूक लढवली आणि हरले. पुढाऱ्याचे पाय लागले तिथे पाटी ठोकायची म्हटली, तर या पट्ट्यात पाट्याच पाट्या होतील. पण दसऱ्याला माणसं लोटतात ती धर्मांतर जिथे झालं त्या दीक्षाभूमीवर.

थोर माणूस थांबला एवढ्याने जागा पवित्र होते का?

हा हिशोब विदर्भाला जुना आहे. चक्रधरस्वामी कुठे राहिले, कुठे रात्र काढली, कुठे नुसते बसले, याची गावागणिक नोंद त्यांच्या महानुभाव पंथाने ‘स्थानपोथी’त केली. जास्त दिवसांचा मुक्काम ते अवस्थान, रात्रीपुरता ती वसती, बसले ते आसन. इतकी बारीक वर्गवारी आजच्या पुरातत्त्व खात्यालाही जमायची नाही! अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात अशा जागांवर ओटे बांधलेले आहेत. येणारा वाकतो, ओट्यावर डोकं टेकतो. गंमत म्हणजे स्वामींनी शिष्यांना माहूर-कोल्हापूरसारख्या तीर्थांना जाऊ नका म्हणून बजावलं होतं. पंथाला यात विसंगती दिसत नाही. त्यांच्या लेखी स्वामी ईश्वराचे अवतार. त्या ईश्वराचा संबंध घडला, म्हणून ते स्थान वंदनीय.

दीक्षाभूमीला हे उत्तर लागू पडत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी तिथे दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत ईश्वराने अवतार घेतल्याचं स्पष्ट नाकारलं आहे. बुद्धाला विष्णूचा अवतार मानणंही. शिवाय स्वतः बाबासाहेबांना विभूतिपूजेचा तिटकारा. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात त्यांनी बजावलं होतं की धर्मात भक्तीने आत्म्याला मोक्ष मिळत असेलही, राजकारणात मात्र ती हुकूमशाहीकडे नेते. मग त्यांच्याच नावाने लाखोंनी जमायचं, हे कसं?

दीक्षेच्या दिवशी घडलं ते पाहिलं की कोडं बरंचसं सुटतं. महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून बाबासाहेबांनी दीक्षा घेतली आणि मग समोरच्या लाखोंना स्वतः दिली. ती माणसं दर्शनाला आलेली नव्हती. उभं राहून त्यांनी आपापल्या तोंडाने प्रतिज्ञा म्हटल्या. म्हणून इथलं स्थानमाहात्म्य एकट्या बाबासाहेबांच्या पावलांचं नाही, त्या प्रत्येकाच्या कृतीचं आहे. ‘आमच्या आजोबांनी इथंच दीक्षा घेतली,’ हे वाक्य दसऱ्याच्या गर्दीत सहज कानावर पडतं. इथल्या स्तूपात बाबासाहेबांच्या अस्थी आहेत, तिथे माथा टेकणारेही पुष्कळ. पण बाहेर पुस्तकांच्या दुकानांवर जी झुंबड उडते, ती बघण्यासारखी असते. नारळ-हळदकुंकवाऐवजी संविधानाची प्रत घेऊन परतणारा यात्रेकरू दुसऱ्या कुठल्या तीर्थावर दिसेल?

अशी जागा सरकारी पाटीच्या आधाराने उभी नसते, आणि सरकारला ती सहजासहजी हाताळूही देत नाही. सुशोभीकरणाच्या नावाखाली भूमिगत पार्किंगचं खोदकाम सुरू झालं, तेव्हा स्तूपाला धोका होईल म्हणून १ जुलै २०२४ रोजी हजारो लोक तिथे धडकले. त्याच दिवशी राज्य सरकारने कामाला स्थगिती दिली.