तक्ताही उत्तर देतो

आर्यभटाने इ.स. ४९९ च्या ‘आर्यभटीया’त ज्यांचा, म्हणजे साइनचा, तक्ता दिला: २२५ कलांच्या अंतराने लागोपाठच्या ज्यांमधले २४ फरक. सातव्या शतकात पहिल्या भास्कराने ‘महाभास्करीया’त तक्ता न वापरता ज्या काढण्याचे सूत्र सांगितले. त्रिज्या एक धरली तर त्या सूत्रातली चूक दोन सहस्रांशांच्या आत राहते. एकाने उत्तरे मांडून ठेवली, दुसऱ्याने ती काढायची रीत दिली. कोन हातात घेऊन ज्या मागायला येणाऱ्याचे काम दोघांकडेही होते, आणि गणित या दोन्हींना फलनच म्हणते. संगणकाच्या बहुतेक भाषांनी मात्र यांच्यात भिंत घातली. साठवलेला तो डेटा, काढून देणारे ते फंक्शन.

रूबी या भाषेत ही भिंत बरीच पातळ आहे. युकिहिरो मात्सुमोतो यांनी ती १९९५ मध्ये लोकांपुढे आणली. चौकोनी कंसात काहीतरी देऊन उत्तर मागण्याची तिची रीत अॅरेला चालते, हॅशला, म्हणजे नोंदींच्या तक्त्याला, चालते आणि प्रॉकलाही, म्हणजे हातात धरून फिरवता येणाऱ्या फंक्शनलाही, चालते. हॅश तयार करतानाच त्याला ब्लॉक दिला, तर नोंद नसलेल्या गोष्टीचे उत्तर तो ब्लॉक काढतो आणि हवे तर तिथेच नोंदवून ठेवतो. आर्यभट आणि भास्कर एकाच वस्तूत नांदू लागतात. मागणाऱ्याला आत काय आहे ते कळायची गरजच उरत नाही, आणि माझ्या मते चांगल्या रचनेची ही पहिली कसोटी आहे.

पण फंक्शनचे खरे बळ एकट्यात नसते. एकाचे उत्तर दुसऱ्याच्या हाती देता आले पाहिजे. भारतीय पिनकोडचे उदाहरण घेऊ. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून आलेला हा सहा अंकी क्रमांक १५ ऑगस्ट १९७२ पासून वापरात आहे. त्याचे पहिले तीन अंक टपालाची वर्गवारी होणारा विभाग सांगतात: ४११ म्हणजे पुणे, ४०३ म्हणजे गोवा. लोकांनी कसाही लिहिलेला पिन घेऊन विभाग काढायचा, तर टप्पे तीन. मधल्या मोकळ्या जागा काढणे, पहिले तीन अंक घेणे, तक्त्यात पाहणे. हे असे लिहिता आले पाहिजे:

साफ >> पहिले_तीन >> विभाग

रूबी देवनागरी नावे स्वीकारते, त्यामुळे ही ओळ जशीच्या तशी चालवून पाहता येते. फंक्शने जोडणारे हे चिन्ह डिसेंबर २०१८ मध्ये, २.६ या आवृत्तीत आले. ‘साफ’ आणि ‘पहिले_तीन’ हे लॅम्डा असतील तर त्यांची जोडणी बिनतक्रार होते. ‘विभाग’ हा हॅश असेल तर मात्र ओळ तिथेच अडते. जोडणीचे चिन्ह समोरच्या वस्तूकडे ‘कॉल’ ही मेथड मागते आणि हॅशकडे ती नाही. २०१५ च्या अखेरीस, २.३ मध्ये, हॅशला स्वतःचे प्रॉक करून देण्याची सोय मिळाली होती. तेवढे रूपांतर हाताने केले की काम भागते.

क्लोजर या भाषेत असा अडथळा नाही. रिच हिकी यांच्या त्या भाषेत मॅप, सेट आणि व्हेक्टर थेट फंक्शनसारखे वापरता येतात. ते पाहून रूबीच्या हॅशलाही एकदाचे ‘कॉल’ चिकटवून टाकावे, असा मोह होतो. दोन ओळींचे काम आहे, आणि ते करू नये असे मला ठामपणे वाटते.

कारण क्लोजरचा मॅप एकदा झाला की बदलत नाही. आज त्याने ४११ ला ‘पुणे’ म्हटले तर तोच मॅप उद्याही तेच म्हणणार. रूबीचा हॅश मात्र प्रोग्रामच्या कुठल्याही कोपऱ्यातून बदलता येतो. जोडणी सकाळी तपासली आणि दुपारी कुणी तक्त्यात हात घातला, तर तीच ओळ वेगळे बोलते, आणि ती ओळ कितीही वाचली तरी दोष दिसत नाही. तेव्हा ज्या हॅशला फंक्शनचा मान द्यायचा त्याला आधी फ्रीझ करावे. वर उल्लेखलेला ब्लॉकवाला हॅश याला अपवाद वाटेल, कारण तो स्वतःला भरत जातो. पण तिथे साठा वाढतो, उत्तर बदलत नाही. जपायचे आहे ते उत्तराचे स्थैर्य. साठा गोठवणे हा त्याचा फक्त सर्वांत सोपा मार्ग.

दुसरा धोका नोंद नसण्याचा. हॅश गुपचूप ‘निल’ देतो. ते पुढच्या टप्प्यात जाते आणि चूक भलत्याच ठिकाणी फुटते. म्हणून जोडणीत ‘फेच’ घ्यावे. नोंद नसेल तर ते जागच्या जागी ओरडते. की नोंद नसणे हेही रास्त उत्तर आहे? तसे असेल तर प्रत्येक टप्प्याने अॅरे द्यावा, उत्तर नसेल तेव्हा रिकामा, आणि टप्पे ‘फ्लॅट-मॅप’ने जोडावेत. एक, अनेक किंवा शून्य उत्तरे मग एकाच वाटेने पुढे जातात.

वस्तूला फंक्शन मानण्याचा रूबीतला सर्वांत मोठा पुरावा संग्रहांमध्ये नाही, ‘रॅक’मध्ये आहे. २००७ पासूनच्या या करारात वेब अॅप्लिकेशन म्हणजे ‘कॉल’ला उत्तर देणारी कोणतीही वस्तू. तिला विनंतीचा तपशील असलेला हॅश मिळतो आणि ती तीन गोष्टी परत देते: स्थितीचा क्रमांक, हेडर आणि मजकूर. रेल्स आणि सिनात्रा ही दोन्ही वेब-फ्रेमवर्क याच करारावर उभी आहेत. लॉगिन तपासणे, नोंदी ठेवणे, मजकूर दाबून लहान करणे ही कामे एकमेकांभोवती गुंडाळलेल्या वस्तू करतात आणि कुणालाही आतल्या वस्तूचा वर्ग विचारावा लागत नाही. इतक्या लोकांचे इतके वेगवेगळे काम एका मेथडच्या नावावर जुळते, याचे मला आजही मनापासून कौतुक वाटते.

अर्थात प्रत्येक वस्तूला ‘कॉल’ शोभत नाही. जिला एकच प्रश्न विचारण्यासारखा आहे तिला तो द्यावा. करआकारणीचा नियम, अंतर मोजणारी वस्तू, भाषांतराचा तक्ता या अशा वस्तू. बँकेच्या खात्याला काय विचारायचे? शिल्लक, व्याज की मालकाचे नाव? सेटचे तसे नाही. त्याचा स्वाभाविक प्रश्न एकच, ‘हे तुझ्यात आहे का?’, आणि २०१७ च्या अखेरीस आलेल्या २.५ पासून तिहेरी बरोबरचे चिन्ह सेटला नेमके तेच विचारते. त्यामुळे केस-व्हेनमध्ये आणि ग्रेपमध्ये सेट चाळणीचे काम करतो. अॅरेला मात्र दोन प्रश्न सारख्याच हक्काने विचारता येतात: पाचव्या जागी काय आहे, आणि पाच तुझ्यात आहे का? क्लोजरने व्हेक्टरसाठी पहिला निवडला. रूबीने अॅरेला ‘कॉल’ दिलेलाच नाही. निवड लिहिणाऱ्यावर सोडली आहे, आणि ती त्याने आपल्या ओळीत उघडपणे करावी लागते.