पिंजऱ्यात उभं राहण्याआधी

पापडी, वसई

चि. बाळ्यास,

त्या टँकरच्या अपघाताच्या खटल्यात साक्षीचं समन्स आल्याचं ताईकडून कळलं. फोनवर तू दोनदा म्हणालास, "मामा, मी नुसता बघत उभा होतो, माझं कोर्टात काय काम?" ३२ वर्षं कोर्टातले कागद लावण्यात गेली, म्हणून सांगतो, तो 'नुसता' घरी ठेवून ये.

पाहणाऱ्याला आपल्याकडे नावं थोडीथोडकी नाहीत. तिकीट काढून बसला तो प्रेक्षक. रस्त्यात घोळका करून उभा राहिला तो बघ्या. हा शब्द प्रेमानं उच्चारलेला मी तरी ऐकला नाही. पंच आणखी वेगळा. सगळं घडून गेल्यावर तो पोलिसांबरोबर येतो, काचांचे तुकडे आणि चाकांच्या खुणा बघतो, पंचनाम्यावर सही करतो. अपघात त्यानं पाहिलेलाच नसतो आणि तसा कुणाचा दावाही नसतो. जुन्या महजरांत, म्हणजे निवाडापत्रांत, 'हाजिर मजालस' म्हणून बसलेल्यांची नावं उतरवत आणि पाटलाच्या नावापाशी सहीऐवजी नांगराची निशाणी असे. साक्षी या शब्दाच्या पोटात मात्र डोळा आहे, म्हणून साक्षीदाराकडून अपेक्षा मोठी.

आता तू यातला कोण? ताईला तू सांगितलंस की धडक पाहिली. मला सांगितलंस की फोनमध्ये बघत होतास, मोठा आवाज झाला आणि मान वर केली. म्हणजे धडक तू पाहिली नाहीस, ऐकलीस. थांबलेला टँकर पाहिलास, पुढच्या चाकाशी पडलेली मोटारसायकल पाहिलीस, केबिनमधून उतरणारा माणूस पाहिलास. तेवढंच तुझं. सरतपासात 'टँकर भरधाव होता' हे वाक्य जिभेवर येईल, कारण त्या संध्याकाळी नाक्यावर जो तो तेच बोलत होता. ते नाक्याचं वाक्य आहे, तिथेच राहू दे.

पोलिसांनी लिहून घेतला तो जबाब. त्यावर साक्षीदाराची सही कायद्यानं घेत नाहीत. त्यात तू धडक पाहिल्याचं लिहिलं असेल, तर उलटतपासात वकील नेमकं त्यावरच बोट ठेवतील. ठेवू देत. 'आवाजानंतर पाहिलं' असं शांतपणे सांग. 'आठवत नाही' हेही उत्तरच असतं.

पाचूबंदरची एक कोळीण साक्षीला आली होती, ती मला अजून दिसते. पदर खोचलेला, हाताला सुकटाचा वास. वकिलांनी विचारलं, "घटना किती वाजता?" म्हणाली, "घड्याळ नव्हता. अष्टमी होती, दिवस मावळायला आलेला, पानी पुरता भरलेला." वकील हसले, सात वाजले असतील असं तिच्या तोंडून काढायला बघू लागले. ती सात म्हणेना. तिथीला पाऊणनं गुणलं की भरतीची वेळ निघते, हा कोळ्यांचा हिशेब. आठ पाऊणे सहा. न्यायाधीशसाहेबांनी तिचं वाक्य होतं तसं उतरवून घेतलं. घड्याळ न बघताही ती आमच्या सगळ्यांपेक्षा पक्की होती.

कुणी घरी येऊन 'कशाला भानगडीत पडतोस' म्हणालं, तर लगेच मला आणि सरकारी वकिलांना कळव. कोर्टात शब्द फिरवणाऱ्याला फितूर म्हणतात, किल्ल्यांच्या काळातला शब्द. आपला वसईचा किल्ला १७३९ साली सुरुंग लावून घ्यावा लागला. खटले मात्र फितुरीनंच पडतात.

आणि स्वतःला बघ्या म्हणवून घेऊ नकोस. जून २०२४ मध्ये वसई पूर्वेला सकाळच्या वेळी भर रस्त्यात एका मुलीला मारलं, ती चित्रफीत देशभर फिरली. एक जण अडवायला पुढे झाला होता, बाकीचे उभे होते. त्यांना नावं ठेवणारे आपणही तिथे काय केलं असतं, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. तू मात्र त्या संध्याकाळी रुग्णवाहिकेला फोन केलास, जखमीचं डोकं मांडीवर घेतलंस. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर मदत करणाऱ्यावर नाव सांगायची सक्ती नाही. तू आपण होऊन सांगितलंस, म्हणून हे समन्स.

समन्स आणि आधार कार्ड घेऊन ये. कागदावर अकराची वेळ आहे, पुकारा चारलाही होईल. पाण्याची बाटली आणि काहीतरी खायला ठेव. भत्त्याचं लिपिकाला विचार, लाजू नकोस. पिंजऱ्यात शिरताना फोन बंद. तारीख पडली तर वैतागू नकोस, सरळ पापडीला ये, मामीला बोंबील आणायला सांगून ठेवलंय.

तुझा,
आप्पामामा