मैदानातील जागा आणि यादीतील जागा

अमेरिकेतील महाविद्यालयीन बेसबॉलविषयी चर्चा निघाली की एक विधान हटकून केले जाते : ज्याच्या अंगी गुण आहेत त्याला संघात जागा मिळतेच. हे विधान निरुपद्रवी नाही, कारण ज्याला जागा मिळाली नाही त्याच्या अंगी गुणच नव्हते, असा निकाल त्यात आधीच देऊन ठेवलेला असतो.

येथे दोन स्पर्धांमध्ये भेद करणे आवश्यक आहे. पहिली स्पर्धा मैदानात उतरणाऱ्या नऊ जणांतील जागेसाठी असते. ती चेंडू आणि बॅट यांच्या साक्षीने होते आणि हरणाऱ्यालाही आपण का हरलो हे दिसते. दुसरी स्पर्धा रोस्टरमधील, म्हणजे हंगामासाठी नोंदवलेल्या खेळाडूंच्या अधिकृत यादीतील जागेसाठी असते. तिचा निकाल प्रशिक्षकाच्या कार्यालयात लागतो आणि त्यात खेळाइतकेच वय, पैसा व नियम यांचेही वजन पडते. २०२० साली महासाथीमुळे हंगाम रद्द झाला, खेळाडूंना एक वर्ष वाढवून मिळाले आणि व्यावसायिक संघांची वार्षिक निवडप्रक्रिया ४० फेऱ्यांवरून ५ फेऱ्यांवर आली. जे खेळाडू एरवी पुढे गेले असते ते महाविद्यालयातच थांबले आणि अठरा वर्षांच्या नवागताची गाठ बावीस-तेवीस वर्षांच्या कसलेल्या खेळाडूशी पडली. यात त्या नवागताच्या गुणांचा दोष कोणता?

याला दिले जाणारे उत्तर असे की, महाविद्यालय बदलू इच्छिणाऱ्यांची नोंद करणारे ट्रान्सफर पोर्टल २०१८ पासून सर्वांना खुले आहे. एका ठिकाणी जागा गेली तर दुसरीकडे मिळवावी. परंतु पोर्टल जागा निर्माण करत नाही, ते फक्त माणसे हलवते. ज्या दाराने डावललेला मुलगा बाहेर पडतो त्याच दाराने अनुभवी खेळाडू आत येतो, आणि शाळेतून थेट येणाऱ्याची वाट आणखी अरुंद होते.

यादीचा विचार करताना पिचरांना, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यांना, विसरता येत नाही. सलग सामन्यांत एकाच हातावर भार टाकता येत नसल्याने यादीचा जवळजवळ अर्धा भाग तेच व्यापतात. कोपराचा अस्थिबंध फाटला तर १९७४ साली टॉमी जॉन या पिचरवर प्रथम झालेली आणि त्याच्याच नावाने ओळखली जाणारी शस्त्रक्रिया करावी लागते. त्यानंतर वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ तो खेळाडू यादीत असतो, पण मैदानात नसतो. प्रत्येक जागेचा हिशेब होऊ लागला की अशा मुलाला सांभाळणे प्रशिक्षकाला जड वाटू लागते, आणि संघासाठी हात झिजवणाऱ्याच्या वाट्याला हे यावे ही गोष्ट अत्यंत क्लेशदायक आहे.

न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी जून २०२५ मध्ये मंजूर केलेल्या, महाविद्यालयीन खेळाडूंच्या दाव्यातील तडजोडीने, ती स्वीकारणाऱ्या महाविद्यालयांसाठी ही यादी ३४ खेळाडूंवर आणली. वरील विवेचनावरून ही मर्यादाच अन्यायाचे मूळ ठरते असे वाटेल; परंतु जुनी व्यवस्था तपासली की हा निष्कर्ष टिकत नाही. महासाथीपूर्वी सर्वोच्च विभागात ३५ जणांच्या यादीसाठी फक्त ११.७ पूर्ण शिष्यवृत्त्या असत, त्या जास्तीत जास्त २७ जणांत वाटल्या जात आणि उरलेल्यांच्या कुटुंबांना खेळापोटी कोणतेही साहाय्य मिळत नसे. त्यातही शरद ऋतूतील सरावाला यादीपेक्षा अधिक मुले ठेवून हंगामापूर्वी त्यांतील काहींना वगळण्याची प्रथा होती. ती उदारता नव्हती. ती आशेवर उभी केलेली फुकटची मनुष्यशक्ती होती. नव्या नियमाने चौतीसही जणांना शिष्यवृत्ती देण्याची मुभा दिली आहे, आणि जो आकडा प्रारंभीच स्पष्ट असतो तो मोठ्या पण फसव्या आकड्यापेक्षा अधिक न्याय्य मानावा लागतो.

दोष आकड्यात नाही. तो कळवण्याच्या वेळेत आहे. एप्रिल २०२५ मध्ये विल्केन यांनी मंजुरी रोखली ती जागा गमावणाऱ्या खेळाडूंसाठीच, आणि त्यानंतर अशा खेळाडूंना मर्यादेबाहेर ठेवण्याची तरतूद झाली; मात्र ती पाळणे महाविद्यालयांच्या इच्छेवर सोडले गेले. ही ढिलाई मान्य करण्याजोगी नाही. ज्या महाविद्यालयाने एखाद्या मुलाला बोलावून घेतले, त्याने यादीतील त्याच्या जागेचा निर्णय सत्र सुरू होण्यापूर्वी, दुसरीकडे प्रवेश घेणे शक्य असतानाच, त्याला लेखी कळवला पाहिजे आणि हे बंधन ऐच्छिक असता कामा नये.